तिरक्या घरांचं गाव

ब्रुकलिनमध्ये युटिका ॲव्हेन्यू स्टेशनवर भुयारी रेल्वेतून बाहेर पडलं आणि थोडं चाललं की बर्गन स्ट्रीट लागतो. आजूबाजूला सगळं काटकोनात आहे. रस्ते पट्टी लावून आखलेले, विटांच्या उंच इमारती रस्त्याशी समांतर, फुटपाथवरची झाडंसुद्धा एका ओळीत. त्या ओळीत चार लाकडी घरं तेवढी बसत नाहीत. ती रस्त्यापासून आत आहेत आणि किंचित तिरकी आहेत. त्यांचं तोंड रस्त्याकडे नसून अंगणातल्या एका गवताळ वाटेकडे आहे.

आमच्या मार्गदर्शिकेने आम्हाला घरांत न्यायच्या आधी या वाटेवर उभं केलं आणि विचारलं, "आधी काय आलं असेल, रस्ता की घरं?" उत्तर पायाखालीच होतं. ही हंटरफ्लाय रोड. युरोपीय लोक यायच्या आधी इथल्या मूळ रहिवाशांची ती पायवाट होती, पुढे डच शेतकऱ्यांची गाडीवाट झाली. शहराने आखलेले सरळ रस्ते खूप नंतर आले. घरं बांधली गेली तेव्हा ती या वाटेशी सरळ होती, पुढे शहराच्या रेषा बदलल्या म्हणून ती तिरकी दिसू लागली.

या घरांभोवती एके काळी वीक्सव्हिल नावाचं गाव होतं. अमेरिकेत यादवी युद्ध व्हायच्या आधी, दक्षिणेत लाखो माणसं गुलामीत असताना, न्यूयॉर्कच्या उंबरठ्यावर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव. आता ते वारसा केंद्र म्हणून जपलं आहे. तिथे ऐकलेली आणि नंतर वाचून पडताळलेली त्याची गोष्ट इथे सांगते आहे, कारण स्वातंत्र्य नावाची गोष्ट घरात, शाळेत आणि दप्तरात कशी उतरते हे मला इथे नीट कळलं.

गुलामगिरी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेतले कापसाचे मळे येतात. पण न्यूयॉर्क राज्यही यातून सुटलेलं नव्हतं. आज ज्याला ब्रुकलिन म्हणतात तो किंग्ज काउंटीचा भाग तेव्हा डच वंशाच्या जमीनदारांच्या शेतीचा होता. 1790 च्या जनगणनेत या काउंटीतला साधारण दर तिसरा माणूस गुलाम होता. लेफर्ट्स घराणं हे त्या बड्या जमीनदारांपैकी एक, आणि गुलाम बाळगणाऱ्यांतही ते पुढेच होतं.

न्यूयॉर्कने गुलामगिरी एका झटक्यात संपवली नाही. 1799 च्या कायद्याने ठरवलं की त्या वर्षीच्या 4 जुलैनंतर जन्मलेली मुलं स्वतंत्र, मात्र मुलींनी 25 वर्षांच्या आणि मुलांनी 28 वर्षांच्या होईपर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. त्याआधी जन्मलेल्यांना तेवढंही नव्हतं. त्यांच्यासाठी 1817 साली दुसरा कायदा झाला आणि त्यात मुक्तीची तारीख दहा वर्षं पुढची पडली, 4 जुलै 1827. तो दिवस उजाडला तेव्हा न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशी, 5 जुलैला काढली. देशाचा स्वातंत्र्यदिन आणि आपला मुक्तिदिन यांत एका दिवसाचं अंतर का ठेवावं लागलं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

या मुक्तीला आणखी एक अट आधीच लावून ठेवलेली होती. 1821 मध्ये राज्याने नवी घटना केली. तिने गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट जवळजवळ काढून टाकली, आणि काही वर्षांत उरलेलीही गेली. कृष्णवर्णीय पुरुषांना मात्र मत द्यायचं असेल तर 250 डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता स्वतःच्या नावावर असणं सक्तीचं केलं. मोलमजुरी करणाऱ्याची ती जवळजवळ वर्षाची कमाई. पोटाला चिमटा घेऊन कुणी तेवढी रक्कम साठवली, तरी तिची जमीन व्हायला हवी आणि ती जमीन त्याला विकणारा भेटायला हवा. ही अट रद्द करावी का, असा प्रश्न 1846, 1860 आणि 1869 असा तीनदा मतदारांपुढे गेला आणि तिन्ही वेळा मतदारांनी नकार दिला. ती गेली ती 1870 साली, अमेरिकेच्या घटनेतल्या पंधराव्या दुरुस्तीने.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागणं म्हणजे काय, हे कूळकायदा पाहिलेल्या कुठल्याही घरात सांगावं लागत नाही. कसणारा पिढ्यान् पिढ्या कसत असतो, पण तलाठ्याच्या दप्तरात नाव चढतं तेव्हाच तो त्या मातीचा होतो. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय माणसासाठी जमिनीच्या दप्तरातलं नाव त्याहूनही जास्त काही होतं. त्याचा कागद असेल तर तो नागरिक म्हणून मोजला जाणार, नसेल तर नाही. वीक्सव्हिलचा जन्म त्या कागदाच्या शोधातून झाला.

संधी आली ती एका आर्थिक अरिष्टातून. 1830 च्या दशकात न्यूयॉर्कभोवतीच्या जमिनीत पैसे गुंतवण्याची मोठी लाट आली होती. लेफर्ट्स घराण्यातल्या एका मृताची जमीन तुकडे पाडून विक्रीला निघाली. पाठोपाठ 1837 मध्ये बँका कोसळल्या, धंदे बुडाले आणि जमिनीचे भाव उतरले. टेकड्या, दऱ्या आणि डबक्यांनी भरलेल्या या दूरच्या भागात गोऱ्या खरेदीदारांना फारसा रस नव्हता. तो रस ज्यांना होता, त्यांनी या मंदीचा उपयोग करून घेतला. हेन्री सी. थॉम्प्सन, सिल्व्हॅनस स्मिथ असे हाती थोडा पैसा असलेले स्वतंत्र कृष्णवर्णीय पुढे आले. त्यांनी जमीन घेतली आणि आपल्याच लोकांना छोटे छोटे प्लॉट विकायला सुरुवात केली. 1838 मध्ये थॉम्प्सनकडून असे प्लॉट घेणाऱ्यांत जेम्स वीक्स नावाचा माणूस होता. जहाजांवरचा माल चढवणारा-उतरवणारा गोदी कामगार. गावाला पुढे नाव मिळालं ते याच गोदी कामगाराचं.

एके काळी गुलाम राबवणाऱ्या घराण्याची जमीन अशी प्लॉटाप्लॉटाने मुक्त माणसांच्या नावावर झाली. त्या वाटेवर उभं राहून हे ऐकताना मला पायाखालची जमीन निराळीच वाटू लागली.

गाव वाढलं. 1850 च्या दशकात तिथे पाचशेहून अधिक कृष्णवर्णीय राहत होते. त्यांत मजूर होते, धुणी धुणाऱ्या बायका होत्या, सुतार, खलाशी, शिक्षक, पाद्री होते. काही न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले, तर कितीतरी दक्षिणेतल्या गुलामीच्या राज्यांतून आलेले. त्यांनी बेथेल आणि बेरियन ही चर्चं उभी केली. 1851 मध्ये स्वतःची दफनभूमी घेतली, कारण इतरत्र मेल्यानंतरही रंग पाहूनच जागा मिळत असे. आणि शाळा काढली. तिचं सरकारी नाव होतं 'कलर्ड स्कूल नंबर 2'. ज्युनियस मोरेल हे पत्रकार-शिक्षक तिथे वर्षानुवर्षं मुख्याध्यापक होते.

एकत्र राहण्यामागे मतापलीकडचंही एक कारण होतं. 1850 मध्ये पळालेल्या गुलामांविषयीचा नवा कायदा आला. दक्षिणेतल्या मालकाने अमुक माणूस माझा म्हणून सांगितलं की उत्तरेतल्या अधिकाऱ्यांनी तो पकडून द्यायचा, आणि पकडलेल्याला स्वतःच्या बाजूने साक्षही देता यायची नाही. या कायद्याखाली पहिला धरला गेला तो जेम्स हॅम्लेट. तो ब्रुकलिनच्या शेजारच्या विल्यम्सबर्गमध्ये राहणारा, बायकामुलं असलेला, न्यूयॉर्कच्या एका दुकानात हमाली करणारा. सप्टेंबर 1850 मध्ये त्याला कामावरूनच उचलून बाल्टिमोरला नेलं. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीयांनी आणि त्यांच्या मित्रांनी 800 डॉलर जमवून त्याला विकत सोडवलं आणि काही दिवसांत परत आणलं. अशा काळात शेजारी कोण आहे, दार ठोठावणाऱ्याकडे किती डोळे पाहतात, यावर माणसाचं आयुष्य अवलंबून असे. वीक्सव्हिलमध्ये शेजारी आपला होता.

याची सगळ्यात कठोर परीक्षा जुलै 1863 मध्ये झाली. यादवी युद्ध भरात होतं आणि सरकारने सक्तीची लष्करभरती सुरू केली होती. 300 डॉलर भरणाऱ्याला तीतून सूट मिळे. ज्या गरीब गोऱ्यांकडे 300 डॉलर नव्हते त्यांचा राग उफाळला आणि तो वळला कृष्णवर्णीयांवर, ज्यांच्यासाठी हे युद्ध चाललं आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. 13 जुलैला मॅनहॅटनमध्ये दंगल पेटली आणि चार दिवस चालली. फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा कृष्णवर्णीय मुलांचा अनाथाश्रम जमावाने लुटून जाळला. आतली दोनशेहून अधिक मुलं मागच्या वाटेने कशीबशी वाचली. रस्त्यात माणसं पकडून मारली गेली, दिव्यांच्या खांबांना लटकवली गेली. अधिकृत आकडाच शंभरावर मृत्यूंचा आहे.

ज्यांना निघता आलं ते ईस्ट रिव्हर ओलांडून ब्रुकलिनकडे धावले, आणि त्यांतले कितीतरी वीक्सव्हिलला आले. तेव्हा पूल नव्हता, नदी बोटीनेच पार करावी लागे. गावाने आपली दारं उघडली. पुरुषांनी हत्यारं घेतली आणि गावाच्या सीमेवर पहारे बसवले. आमच्या मार्गदर्शिकेने हा भाग एका छोट्या खोलीत उभं राहून सांगितला. आम्ही आठ-नऊ जण होतो, तरी दाटी झाली होती. अशा खोल्यांत पळून आलेल्या कुटुंबांनी रात्री काढल्या असतील, या विचाराने मला त्या दाटीची लाज वाटली नाही, बळ वाटलं.

दंगल शमल्यावर मॅनहॅटनच्या कितीतरी कृष्णवर्णीयांनी ते बेट कायमचं सोडलं. वीक्सव्हिलची पुढची वीस वर्षं गावाच्या इतिहासातली सगळ्यात भरलेली वर्षं आहेत. युद्ध संपलं, चाळीस लाख माणसं मुक्त झाली, आणि या गावाने त्यांच्यासाठीही आपला वाटा उचलला. हेन्री हायलंड गार्नेट यांनी स्थापलेली आफ्रिकन सिव्हिलायझेशन सोसायटी इथे येऊन स्थिरावली. तिने दक्षिणेत नुकत्याच मुक्त झालेल्यांना शिकवायला शिक्षक पाठवले. 1866 मध्ये तिने 'फ्रीडमन्स टॉर्चलाइट' नावाचं वृत्तपत्र काढलं आणि त्यात बातम्यांबरोबर अक्षरओळखीचे धडे छापले. ज्यांच्यासाठी कालपर्यंत वाचायला शिकणं हा गुन्हा होता, त्यांच्या हातात वृत्तपत्रच पाटी म्हणून दिलं.

दक्षिणेतून कामासाठी आलेल्या मुक्त स्त्रिया गोऱ्यांच्या घरी राहून काम करत. त्यांच्या मुलांना तिथे जागा नसे. त्या मुलांसाठी सुरू झालेला हॉवर्ड अनाथाश्रम वीक्सव्हिलमध्ये नांदला आणि तो कृष्णवर्णीयांनीच चालवला. विल्यम जॉन्सन हे अंध पाद्री अनेक वर्षं त्याचे प्रमुख होते. म्हाताऱ्यांसाठीही इथे एक आश्रम निघाला. अनाथ मूल, निरक्षर प्रौढ, एकटा म्हातारा, प्रत्येकासाठी गावात एक दार होतं. त्या काळात सरकारकडे यातलं काही मागायची सोयच नव्हती.

या मातीतून काय उगवलं ते एका घरात दिसतं. सिल्व्हॅनस स्मिथ, ज्यांचं नाव जमीन घेणाऱ्या पहिल्या माणसांत आहे, ते डुकराच्या मांसाचे व्यापारी. त्यांची मुलगी सारा शिक्षिका झाली आणि न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत मुख्याध्यापिका होणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकी स्त्री ठरली. पुढे तिने ब्रुकलिनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी संघटना उभारली. बापाने मतासाठी जमीन घेतली, पण ती जमीन बायकांना मत देऊ शकत नव्हती. उरलेला रस्ता मुलीने चालायला घेतला. धाकटी सुसान, 1847 ची, शाळेत शिकवून मिळालेल्या पैशांतून वैद्यकीय शिक्षणाला गेली. 1870 मध्ये ती न्यूयॉर्क मेडिकल कॉलेज फॉर विमेनमधून आपल्या तुकडीत सर्वप्रथम येऊन बाहेर पडली. न्यूयॉर्क राज्यातली ती पहिली आणि देशातली तिसरी कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर. आपल्या आनंदीबाई जोशी जून 1883 मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या, तेव्हा नदीपलीकडे लग्नानंतर डॉ. सुसान मॅकिनी झालेल्या याच सुसानची प्रॅक्टिस तेरा वर्षांची झाली होती.

आनंदीबाई उतरल्या त्याच्या थोडेच दिवस आधी, 24 मे 1883 ला, ब्रुकलिन ब्रिज खुला झाला होता. पुलाने मॅनहॅटनची गर्दी ब्रुकलिनकडे वळवली. टेकड्या सपाट झाल्या, डबकी बुजली, आखलेले सरळ रस्ते जुन्या वाटा कापत पुढे सरकले. वीक्सव्हिल शहराच्या पोटात गेलं. त्याआधी गावाने आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. 1890 च्या दशकात इथल्या शाळेत कृष्णवर्णीय आणि गोरी मुलं एकत्र शिकू लागली आणि त्यांना शिकवणाऱ्यांत कृष्णवर्णीय शिक्षक होते. देशात बहुतेक ठिकाणी तेव्हा याचा विचारही कुणी करत नव्हतं. मॅरिचा लायन्स तिथे उपमुख्याध्यापिका झाल्या. 1863 च्या दंगलीत जमावाने ज्यांचं मॅनहॅटनमधलं घर फोडलं, त्याच घरातली ही मुलगी.

मग नाव पुसलं गेलं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नकाशावर वीक्सव्हिल उरलं नव्हतं. गावाच्या जमिनीवर सरकारी वसाहती उभ्या राहिल्या. जुन्या घरांत भाडेकरू राहत होते, पण ती घरं कशाची साक्ष आहेत हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

1968 मध्ये जेम्स हर्ली हे इतिहासकार आसपासच्या वस्तीचा इतिहास शिकवणारा एक वर्ग प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये चालवत होते. वीक्सव्हिलचं नाव त्यांना जुन्या पुस्तकात सापडलं, पण जमिनीवर खूण सापडेना. त्यांना जोसेफ हेन्स यांची साथ मिळाली. हेन्स भुयारी रेल्वेत अभियंता होते आणि विमान चालवत. दोघे एका लहान विमानातून त्या भागावरून उडाले. वरून काटकोनांच्या जाळीत एक छोटी वाट दिसली, जी जाळीला जुमानत नव्हती. तिच्या कडेला चार घरं होती. जमिनीवरून रोज शेकडो माणसं त्यांच्यासमोरून जात होती. ती तिरकी आहेत हे आभाळातून पाहिल्यावर ती कुणाची हे कळलं.

जवळच नव्या बांधकामासाठी घरं पाडली जात होती. तिथे घाईघाईने उत्खनन सुरू झालं आणि त्यात शाळेतली मुलं, बॉय स्काउट, वस्तीतले रहिवासी हातात खुरपी घेऊन उतरले. त्यांना मिळालेल्या वस्तूंत धातूच्या पत्र्यावर घेतलेलं एका अनोळखी स्त्रीचं छायाचित्र होतं. नीटनेटका पोशाख, थेट कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर. तिला 'वीक्सव्हिल लेडी' म्हणतात. तिचं नाव कुणाला सापडलेलं नाही, पण या जागेचा चेहरा आज तीच आहे.

त्याच वर्षी जतनासाठी संस्था उभी राहिली. चित्रकार जोन मेनार्ड पुढे तिच्या संचालक झाल्या आणि 1999 पर्यंत त्यांनी ती सांभाळली. घरांना संरक्षण मिळावं म्हणून शहराच्या वारसा आयोगापुढे सुनावणी झाली तेव्हा पब्लिक स्कूल 243 ची मुलं तिथे बोलायला गेली. 1970 मध्ये चारही घरं संरक्षित वास्तू जाहीर झाली. तरीही मेनार्ड आणि त्यांचे सहकारी तेवढ्यावर थांबले नाहीत. पैसे जमवून संस्थेने 1973 मध्ये ती घरं विकत घेतली.

1838 मध्ये जेम्स वीक्स आणि त्याच्यासारख्यांनी प्लॉट घेतले, कारण जमीन नावावर असल्याशिवाय त्यांना कुणी मोजणार नव्हतं. 135 वर्षांनी त्यांच्या वारसांना त्यांच्या इतिहासासाठी तेच करावं लागलं. स्मारकाचं सरकारी पत्र हाती होतं, पण खरेदीखत झालं तेव्हाच ती घरं निर्धास्त झाली. दुरुस्ती पूर्ण होऊन ती लोकांसाठी खुली व्हायला 2005 उजाडलं. 2014 मध्ये शेजारी नवी इमारत आली. 2019 मध्ये पैशाअभावी केंद्र बंद पडायची वेळ आली, तेव्हा दोन लाख डॉलरची हाक दिली गेली आणि हजारो लोकांनी छोट्या छोट्या रकमांनी तिला त्याहून जास्त प्रतिसाद दिला. हॅम्लेटला सोडवणाऱ्यांचीच ती रीत.

घरांच्या आत वेगवेगळे काळ मांडले आहेत: 1860 च्या दशकातलं घर, 1900 च्या सुमाराचं घर, 1930 च्या दशकातलं घर. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना सत्तर वर्षं ओलांडली जातात. कुठेही श्रीमंती नाही. अरुंद जिना, छोट्या खिडक्या, स्वयंपाकाची चूल, हाताने कपडे धुण्याची साधनं. म्युझियममध्ये सहसा राजेरजवाड्यांच्या वस्तू पाहायची सवय असते. इथे जपलं आहे ते कष्टकऱ्यांचं साधं नांदणं.

तिथून निघताना मला जोतीराव फुले आठवले. 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांनी ते अमेरिकेतल्या त्या भल्या माणसांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झीज सोसली. हजारो मैलांवरून त्यांनी ते नातं ओळखलं. त्यांची अर्पणपत्रिका मुक्त करणाऱ्यांचे आभार मानते. वीक्सव्हिल उरलेली अर्धी गोष्ट सांगतं, मुक्त झालेल्यांनी मुक्तीचं काय केलं याची. जोतीराव आणि सावित्रीबाई पुण्यात 1848 पासून शाळा काढत होते, त्याच वर्षांत इथे ज्युनियस मोरेल आपल्या शाळेत शिकवत होते. एकमेकांना न ओळखता दोन्हीकडच्या माणसांनी पहिली वीट शाळेचीच रचली.

ज्या शाळेची मुलं आयोगापुढे उभी राहिली, ती पब्लिक स्कूल 243, जुन्या 'कलर्ड स्कूल नंबर 2' चीच वारसदार आहे. शाळेच्या पाटीवरचा रंगाचा उल्लेख केव्हाच गेला. आता तिचं नाव आहे 'द वीक्सव्हिल स्कूल'. नकाशावरून पुसलेलं एका गोदी कामगाराचं नाव तिथे दाखल होणारं प्रत्येक मूल आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितं.